चिलारवाडीची टाकी

मिरजेच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि लालासाहेब विरकरला त्याच्याच छातीतले पांढरे ठिपके बोटानं दाखवले.

"दगडाची पूड आहे ही," ते म्हणाले.

"मी दगड न्हाई फोडत, सायेब. काँक्रीट कापतो."

"आणि काँक्रीट कशाचं असतं?"

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, त्यातली पंचवीस काँक्रीट कापण्यात गेलेली. खडी, वाळू आणि सिमेंट हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. औषध काय, एवढंच त्यानं विचारलं. गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं जपा, धूळ बंद, असं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माण तालुक्यातल्या चिलारवाडीतून तो एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेला. वाडीतले सगळेच जात. कुणी बाजारात पाठीवर पोती घेई, कुणी गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींवर वॉचमन होई. लालासाहेब एका कोअर कटिंगवाल्याच्या हाती लागला. काम असं, की बांधून झालेल्या स्लॅबला, भिंतीला नंतर आठवलेली भोकं पाडायची. कुणाला पाइप न्यायचा असे, कुणाला एसीची नळी. लोखंडी पोकळ नळकांडं, त्याच्या ओठाला हिऱ्याची कणी बसवलेली. हिरा म्हटल्यावर गावाकडच्या बायकांचे डोळे विस्फारत. पंचवीस वर्षांत लालासाहेबानं तो हिरा एकदाही डोळ्यांनी पाहिला नाही. एका करड्या पट्टीत तो कुठंतरी मिसळलेला असे आणि झिजून जाई.

या धंद्यात सगळा खेळ पाण्याचा. नळकांडं फिरतं त्या जागी पाण्याची धार सोडली की हिरा थंड राहतो आणि पूड गाळ होऊन खाली उतरते. पाणी नसलं की तीच पूड हवेत जाते. पण मुंबईत बाराव्या मजल्यावर पाणी सोडलं की अकराव्या मजल्याच्या छताला ओल येई. मग खालचा माणूस ओरडत वर येई, त्याच्यामागे सोसायटीचा सेक्रेटरी, आणि ठेकेदार म्हणे, "सुकं मार." लालासाहेब सुकं मारायचा. स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायचं, फटीला ओलं फडकं कोंबायचं, म्हणजे धूळ हॉलमध्ये जात नाही. हॉलमधले सोफे त्यानं असे पुष्कळ वाचवले.

पुढं दहा वर्षं तो सांगलीच्या नेमिनाथ चौगुल्यांकडे होता. नेमिनाथअण्णा कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. कामावरच्या माणसाला त्यांनी कधी एकही शिवी दिली नाही. भोकांच्या मशिनीबरोबर त्यांनी वायर सॉ आणली होती. वायर म्हणजे दोरासारखी पोलादी तार, तिच्यात हिऱ्याचे मणी ओवलेले. कॉलमभोवती तिचा फास टाकायचा, मशीन ती गरगर ओढतं आणि सुताराच्या करवतीनं लाकूड कापावं तसा अख्खा पूलही कापला जातो. अण्णांचा एकच नियम होता, पाणी सोडल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. त्यात लालासाहेबाच्या छातीची काळजी किती आणि हिऱ्याची किती, हे लालासाहेबानं कधी विचारलं नाही. पाणी मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

फिल्म पाहिली त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. चिलारवाडीतल्या वडिलांच्या घरातली शेवटची खोली. सांगलीतली भाड्याची जागा एका हळदीच्या वखारीला चिकटून होती. त्याची बायको अंजना त्याच वखारीत हळद निवडायला जायची आणि पिवळी होऊन घरी यायची. श्वास घ्यायचा तर तिथून निघायला हवं, एवढं त्याला कळलं होतं. वडिलांच्या घराला तीन खोल्या. थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. घरात त्याची विधवा, हरणाबाई, आणि तिची सात शेरडं. शेवटची खोली लालासाहेबाच्या वाटणीची, असं वडील बोलून गेले होते, पण बोलणं विरून जातं. त्या खोलीत आता शेरडं बांधलेली असत.

बेंदराच्या सणाला गेला तेव्हा त्यानं विषय काढला होता. हरणाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली होती, "बगू."

या 'बगू'च्या मागं काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. भाऊ गेला तेव्हा तो एका धरणाच्या भिंतीत अडकलेलं नळकांडं काढत होता. खाली बोगद्यात फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला तेव्हा सावडून झालं होतं. वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "आलास व्हय? बरं झालं, भांडी आवरायची ऱ्हायल्यात." त्यानंतर सहा वर्षं ती त्याच्याशी नीट बोलत होती. तेच वाईट होतं.

आजाराचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. धडधाकट दीर परत येतो म्हटल्यावर ती 'बगू' म्हणाली. आजारी दिराला ती काय म्हणाली असती?

चैत्रात अण्णांचा फोन आला. "लाला, तुज्या गावचं काम आलंय बघ. पाण्याची टाकी पाडायची. शाळेला चिकटून हाय, ब्रेकर लावला तर हादऱ्यानं शाळा बसंल. वायरनं तुकडे करून क्रेननं उतरवायचे. जातोस का दुसऱ्याला धाडू?"

"जातो की, अण्णा."

"पाणी सोडून काप म्हणजे झालं. टँकर लावलाय रोजचा."

ती टाकी लालासाहेबाला माहीत होती. चौदा वर्षांपूर्वी बांधली, सहा कॉलमवर उभी, लांबून एखाद्या बसक्या रांजणासारखी दिसायची. विहीर आटल्यामुळं ती तीनदाच भरली. तिसऱ्यांदा भरली तेव्हा गळली. मग सळ्या गंजून फुगल्या, गिलावा सुटला आणि गेल्या पावसाळ्यात एक ढलपा शाळेच्या पायरीवर पडला. आता तिच्या जागी नवी मंजूर झाली होती. नवीत पाणी कुठून येणार, हे कुणी विचारत नव्हतं, कारण आधी जुनी पडायला हवी होती.

वहिनीनं त्याला ओट्यावर अंथरूण दिलं. भाकरी दिली. तिसऱ्या दिवशी टाकीचा वरचा घेर चार तुकडे होऊन क्रेनला लोंबकळत खाली आला तेव्हा अख्खी वाडी बघायला जमली. तुकडा बोटभरही न डुलता जमिनीवर टेकला. वहिनी शाळेच्या कुंपणाशी उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "वडाच्या पानावर भात वाढावा तसं ठेवलंस रं." लालासाहेबाला वाटलं, आता महिनाभरात खोली आपली.

चौथ्या दिवशी टँकर वाटेतच थांबला. समोर पंधरा-वीस बाया घागरी घेऊन आडव्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध हरणाबाई.

लालासाहेब धावत गेला. "काय झालं, वैनी?"

"काय व्हायचंय? मानसाला चार दिसानं एक टँकर, आन् काँक्रीटला रोज एक. कुटला न्याव?"

"आवं, हे इकतचं पानी हाय. ठेकेदाराचं. गावाच्या टँकरातलं न्हवं."

"पानी ते पानी. जितंपनी ह्या टाकीनं आमाला घागरभर दिलं न्हाई. आता मरताना आमच्या म्होरं ढसाढसा पिऊन मरतीया."

बाया हसल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "कोरडीच काप की रं. करवतीला कुटं पानी लागतंय?"

"धूळ उडती, आज्जे."

"धुळीला कवापासून भ्यायला लागलास? माणात जन्मलास न्हवं? का म्हमईला जाऊन सायब झालास?"

पुन्हा हशा. लालासाहेबाच्या तोंडाशी फिल्म आली होती, ठिपके आले होते. वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्यानं ते सगळं गिळलं आणि म्हणाला, "शाळंत पोरं हायती म्हनून म्हनतो."

सरपंच संयोगिताताई आल्या, म्हणजे त्यांचे मालक उदयसिंह आले आणि ताई मागं उभ्या राहिल्या. उदयसिंहांनी दोन्ही बाजूंना दोनदा दरडावलं आणि मग लालासाहेबालाच विचारलं, "तूच सांग, काय करायचं?"

"निम्मा टँकर वाडीत सोडा," तो म्हणाला. "ऱ्हायलेल्या निम्म्यात मी भागवतो."

बाया उठल्या. हरणाबाई त्याच्याजवळून जाताना थांबली. "भागंल का?" असं तिनं विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर तिला खरोखर हवं होतं.

भागवायची रीत त्याला येत होती. त्यानं टाकीच्या उताराला दोन खड्डे खणून घेतले, एकाखाली एक, आणि दोन्हींत ताडपत्री अंथरली. वायरवरून पडणारं करडं पाणी वरच्या खड्ड्यात जायचं. जड गाळ तिथं बसायचा आणि वरचं निवळ पाणी काठावरून ओसंडून खालच्या खड्ड्यात उतरायचं. सकाळी खालच्या खड्ड्याचं पाणी मोटारीनं उचलायचं आणि पुन्हा वायरवर सोडायचं. तेच पाणी तीनदा, चारदा फिरे. गाळ मात्र पिवळट येत होता. चांगल्या काँक्रीटचा गाळ निळसर करडा असतो. पिवळा म्हणजे वाळूत माती होती. पण ते चौदा वर्षांपूर्वीचं पाप होतं आणि त्याचे धनी आता दुसरीकडं टाक्या बांधत होते.

खालच्या खड्ड्यातलं पाणी सकाळी इतकं नितळ असे की तळाच्या ताडपत्रीची घडी दिसावी. लालासाहेबानं खड्ड्यांभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. येईल-जाईल त्याला सांगितलं, की ह्यात सिमेंटाचा चुना उतरलाय, हात घालू नका, जनावर लावू नका. त्या पाण्यानं त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी चिरली होती.

हरणाबाई काठाशी उभी राहून बघत होती. "काचेवानी दिसतंय की."

"दिसतंय, वैनी. पन आतनं भाजतंय."

ती काठावरून मागं सरली. पण तिला पटलं नव्हतं, हे त्याला दिसलं. दिसायलाच हवं होतं. त्या घरात तोही वाढला होता. तिथं तांदूळ धुतलेलं पाणी शेरडांना जाई, भांडी विसळलेलं म्हशीला जाई, आंघोळीचं दोडक्याच्या वेलाला. गढूळ पाणी गाळून घ्यायचं आणि वास मारणारं जनावराला द्यायचं. पण नितळ, बिनवासाचं, तरी कुणीच प्यायचं नाही असं पाणी असतं, हे माणमध्ये कुणाच्या आईनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी माणसं लिंबाखाली भाकरी खायला बसली होती. टाकीचा तळ उतरवून तीन कॉलम कापून झाले होते, तीन उरले होते. वाडीच्या बाजूनं कुणीतरी हाक मारत आलं, "लालासाब, हरणाकाकूची शेरडं लोळाय लागल्यात!"

तो आधी घराकडं न जाता खड्ड्याकडं गेला. का गेला, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

एका बाजूच्या काट्या सरकवलेल्या होत्या. शेरडानं घुसून मोडलेल्या नव्हत्या. काठीनं उचलून नीट एकीकडं ठेवलेल्या, माणूस पुन्हा लावायच्या बेतानं ठेवतो तशा. काठावर खुरांच्या खुणा पुढं आलेल्या, मग मागं सरलेल्या, मग पुन्हा पुढं. आणि पाण्यावर गव्हाचा भुसा तरंगत होता.

त्याला सगळं दिसलं, समोर घडत असल्यासारखं. शेरडांनी पाणी हुंगलं होतं आणि ती मागं हटली होती. जनावर शहाणं असतं. मग वहिनीनं ओच्यातला मूठभर भुसा पाण्यावर टाकला होता. आईही असंच करायची. जनावर नव्या पाण्याला तोंड लावत नसलं की वर भुसा भुरभुरायचा, म्हणजे भुश्याच्या नादानं पाणी पोटात जातं. शेरडं वाचली असती, पण तिनं लाडानं पाजलं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं भुसा काढला. चिरलेल्या बोटांची आग झाली. भुसा वरच्या खड्ड्यातल्या गाळात दाबून टाकला. मग सरकवलेल्या काट्यांपैकी दोन मोडून त्यानं आडव्यातिडव्या टाकल्या, शेरडं घुसली असावीत तशा. हे वहिनीला वाचवायला केलं, की तिच्यावर उपकार चढवायला, की खोलीसाठी, याचा विचार त्यानं पुढं पुष्कळ केला. त्या वेळी हात आपोआप चालले, एवढंच खरं.

दोन शेरडं संध्याकाळपर्यंत गेली. तोंडाला फेस, जिभा सोललेल्या. दुसऱ्या दिवशी दहिवडीहून जनावरांचा डॉक्टर आला तोवर आणखी दोन गेली, त्यातली एक गाभण होती. हरणाबाई त्या गाभणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत लालासाहेबाला शिव्या देत होती. तिच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. तो समोर उभा राहून तिची नजर वर यायची वाट बघत होता. नजर आली नाही.

शाळेच्या पटांगणात माणसं जमली. उदयसिंह खुर्चीवर, ताई उभ्या.

"काट्या लावल्या हुत्यास का?" उदयसिंहांनी विचारलं.

"लावल्या हुत्या."

"मग शेरडं गेली कशी आत?"

लालासाहेबानं वहिनीकडं पाहिलं. ती पदरानं नाक पुसत होती. मग तीच बोलली. "वाऱ्यानं सरकल्या असत्याल्या काट्या. ह्यानं वर धोंडा ठेवला न्हाई. माझं बाळंतपणाला टेकलेलं जनावर गेलं."

वारा त्या दुपारी नव्हता. झाडाचं पान हललं नव्हतं, हे जमलेल्या सगळ्यांना माहीत असणार. पण कुणी ते बोललं नाही, कारण कुणाला त्याची गरज नव्हती. लालासाहेब म्हणाला, "माझीच चूक."

तो बोलला तसं तिनं डोळे वर केले. त्यात सुटका नव्हती, आभार नव्हते. दुकानदार गिऱ्हाइकाकडं बघतो तशी ती त्याच्याकडं बघत होती.

"खड्डे आत्ताच्या आत्ता मुजवा," उदयसिंह म्हणाले. "आन् टाकीवर एक थेंब सोडायचा न्हाई ह्याउप्पर. कसं कापायचं ते तुझं तू बघ. धा दिसांनी नव्या टाकीचं भूमिपूजन हाय, पाव्हणे येणार हायती."

त्यानं अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"हात लावू नको लाला. पुढच्या आठवड्यात दुसरा गडी धाडतो."

"क्रेन शनवारी जानार हाय, अण्णा. आन् तीन कॉलम शाळेच्या डोस्क्यावर तसंच सोडून मी गेलो तर हितं पुन्यांदा पाय ठेवता यायचा न्हाई मला."

"तुज्या छातीचं काय? डॉक्टर काय म्हटलाय तुला?"

"तोंडाला बांधतो काय तरी."

अण्णांनी सुस्कारा सोडला. त्यांना त्याची कीव आली होती, ते आवाजात कळत होतं. मग ते म्हणाले, "वायर लावू नको. सुकी चालवली तर मणी जातील सगळे. हातातली करवत घे, मोठी ब्लेड लाव. आणि ब्लेड लाल व्हायच्या आत थांबत जा."

शाळेला तीन दिवस सुट्टी दिली. उरलेल्यांतला पहिला कॉलम क्रेनच्या साखळीत धरला आणि लालासाहेबानं करवत चालू केली. पिण्याच्या बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतून तो तोंडाला बांधला होता. पाच मिनिटांत टॉवेल वाळला आणि कडक झाला. एक बाजू कापायची, ब्लेड थंड होईतो थांबायचं, मग दुसरी बाजू. काँक्रीट गुळासारखं कापलं जात होतं, इतकं ते वाईट होतं. वाईट काँक्रीट जास्त धूळ देतं. सळी लागली की ठिणग्या उडत आणि एवढाच वेळ धूळ कमी होई. बाकी सगळा वेळ तो एका पांढऱ्या घरात उभा होता आणि ते घर त्याच्याबरोबर कॉलमभोवती फिरत होतं.

बाया लांबून बघत होत्या. त्यांच्यातली त्या दिवशीची म्हातारी ओरडली, "बग, कापतंय का न्हाई कोरडं? उगं पानी पानी करत हुतास!"

तो हसला. टॉवेलाआड ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकला आला आणि थांबेना. मग त्यानं खोकल्याच्या आणि ब्लेडच्या वेळा जुळवून घेतल्या. ब्लेड तापली की तो करवत ठेवायचा आणि खोकून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी शेवटचा कॉलम कापायला त्याला तिप्पट वेळ लागला. क्रेनवाला खाली उतरून म्हणाला, "लालाभाऊ, बसा जरा. ओठ निळे दिसायलेत."

"धर तू साखळी," तो म्हणाला. "ह्यो उतरला की बसायचंच हाय."

कॉलम उतरला. जिथं टाकी होती तिथं सहा चौकोनी करड्या खुणा राहिल्या आणि त्यांच्या वर नुसतं आकाश. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वडाच्या पानावरचा भात कुणाला आठवला नाही. वाडीतल्या माणसांनी सळ्या कुठं टाकायच्या यावरून भांडण सुरू केलं होतं.

दिवस कलायच्या सुमाराला तो घरी आला. ओट्यावर चार-पाच बाया बसल्या होत्या, शेरडं गेल्याचं विचारायला आलेल्या. हरणाबाई त्यांना चहा देत होती. त्याला बघून त्या थोड्या सरकल्या. डोक्यापासून पायापर्यंत तो राखेसारखा होता. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला आणि खोकू लागला. हरणाबाई त्याच्याकडं नीट बघत होती, वरून खाली, जनावर बाजारात बघावं तशी. तिला सगळं कळलं. सांगायचं काही उरलं नाही.

तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अंजनाला बोलवून घे. मधली खोली रिकामी केलीया."

"शेवटची चालंल, वैनी."

"तितं ऱ्हायलेली शेरडं बांधायची हायती. मधलीच घे. तुझं काय, लय दिसांचं दिसत न्हाई."

एक बाई चुकचुकली. दुसरी म्हणाली, "चार शेरडं मारली त्यानं तुमची, तरी घरात घेताय. लय मोटं मन, हरणाबाई."

"दीर हाय," हरणाबाई म्हणाली. "चुकला म्हनून टाकून देता येतोय व्हय? शेरडं काय, पुन्ना हुतील."

बाया माना डोलावत उठल्या आणि गेल्या. अंगणात दोघंच उरली. ती कप गोळा करत होती. लालासाहेब खाली बघून हळूच म्हणाला, "वैनी, पान्यावर भुसा हुता."

ती थांबली. हातातला कप तिनं दुसऱ्या कपात बसवला. मग त्याच्याकडं वळली आणि सरळ डोळ्यांत बघत म्हणाली, "कसला भुसा?"

त्यानं समोरचा कप जवळ ओढला.

"हितंच ऱ्हायचं हाय न्हवं तुला?"

"व्हय."

"मग च्या पी. गार झाला."

त्यानं चहा प्यायला. ती कप घेऊन आत गेली. मधल्या खोलीतून तिनं काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. त्यानं फोन काढला आणि अंजनाला लावला.

"दिली का खोली?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"दिली. मधली दिली."

"मधली? आगं बया. काय म्हनाल्या जाऊबाई?"

"माफ केलं म्हनाल्या."

"माफ? कशाचं माफ?"

आतला ओढण्याचा आवाज बंद झाला होता. दाराच्या आड कुणीतरी उभं होतं. लालासाहेबाला पुन्हा खोकला आला. तो ओसरेपर्यंत अंजना पलीकडून तेच विचारत राहिली, कशाचं, आवं कशाचं. मग त्यानं श्वास गोळा केला आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "शेरडं गेली त्यांची. माझ्याकडनं काट्या नीट लागल्या न्हवत्या. तू ये."